आमच्या कपाटातले अर्धे भीमसेन



पोस्ट मोठी आहे आणि जरा भांडखोर आहे, हे आधीच सांगून ठेवतो. आषाढी जवळ आली की आपल्या सगळ्यांच्या घरात जो आवाज लागतो, त्या आवाजाबद्दल आहे. राग आला तर येऊ दे, पण शेवटपर्यंत वाचून येऊ दे.

आधी हिशोब. सदलग्याच्या आमच्या जुन्या घरात पंडित भीमसेन जोशींच्या नऊ सीड्या होत्या. नऊच्या नऊ मीच आणलेल्या. नोकरी पुण्यात, आई-तात्या गावाकडं, त्यामुळं दिवाळीला नाहीतर आषाढीला गावी जाताना हातात काहीतरी हवं म्हणून एक सीडी घ्यायची, असा माझा शिरस्ता. कुणाच्या कपाळावर 'सर्वोत्तम', कुणाच्या 'निवडक', कुणाच्या 'सुवर्ण', एकीवर नुसतंच 'अविस्मरणीय'. फोटोही वेगवेगळे. एकावर तानपुरा, एकावर चंद्रभागेचं वाळवंट, दोनांवर विटेवरचा विठोबा. शेवटच्या तीन तर २४ जानेवारी २०११ ला पंडितजी गेले त्यानंतरच्या वर्षभरात घेतलेल्या, कारण तेव्हा दुकानात श्रद्धांजलीच्या नावाखाली ढीगच लागला होता.

या नऊ सीड्यांवर मिळून ८७ गाणी होती. त्यातली वेगवेगळी किती? फक्त २६. 'तीर्थ विठ्ठल' सात वेळा. 'इंद्रायणी काठी' सहा वेळा. आणि दरवेळी मी ती सीडी मोठ्या कौतुकानं आईच्या हातात ठेवलेली आणि तिनं दरवेळी "बरं केलंस" म्हणून ती टीव्हीखालच्या कपाटात ठेवलेली.

आता कुणी म्हणेल, फसवणूक झाली, कंपन्यांनी लुटलं. तसं मला म्हणायचं नाहीये. कंपनी कुठलीही असो, ती खपेल तेच विकणार. माझं भांडण आपल्याशी आहे. आपण विकत काय घेत होतो आणि काय घेत नव्हतो, याच्याशी आहे.

पण त्याआधी एका वेगळ्या जातीच्या माणसांचा समाचार घेतो, कारण ती मंडळी या पोस्टला लगेच मान डोलावतील आणि मला त्यांची साथ नकोय.

पुण्यात ऑफिसात माझे एक वरिष्ठ होते. गाण्यातले जाणकार. माझ्या हातात एकदा सीडी बघून म्हणाले, "अहो, ही संकलनं काय घेताय? भीमसेन ऐकायचे तर शुद्ध कल्याण ऐका, मुलतानी ऐका, दरबारी ऐका. हे म्हणजे देवळाबाहेर बसून प्रसाद खाण्यातला प्रकार." मी तेव्हा गप्प बसलो. आज उत्तर देतो. साहेब, ज्याला देवळात शिरायला मिळत नाही, तो बाहेरच्या प्रसादावरच वाढतो. सवाई गंधर्व महोत्सव पुण्यात १९५३ पासून भरतो, बरोबर आहे. पण आमच्या सदलग्यातून पहाटेच्या एसटीनं निघून, रात्रभर गाणं ऐकून, दुसऱ्या दिवशी उसाला पाणी पाजायला परत येणार कोण? आमच्याकडं गाणं आलं ते रेडिओवरून. पुढं कॅसेटवरून आणि त्याच्यापुढं या संकलनांच्या सीड्यांवरून. त्या नसत्या तर आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांना भीमसेन हे नावसुद्धा पेपरातच भेटलं असतं.

आणि तुकड्याला हसणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. ४ फेब्रुवारी १९२२ ला रोणला, म्हणजे आजच्या गदग जिल्ह्यात, जन्मलेल्या या पोराच्या कानावर पहिल्यांदा काय पडलं? आपल्या शेजारच्या मिरजेत राहणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी. तीही मैफिलीत नव्हे, तबकडीवर. ७८ च्या वेगानं फिरणारी तबकडी. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. तेवढ्या तुकड्यावर हे पोर वयाच्या अकराव्या वर्षी, १९३३ साली, घर सोडून गुरू शोधायला पळालं. तीन मिनिटांत भीमसेन घडू शकतात, तर आमच्या आईनं पाच मिनिटांचा अभंग ऐकला म्हणून कुणी नाक मुरडू नये.

तेव्हा संकलनाला माझा विरोध नाही. माझा प्रश्न एवढाच की 'सर्वोत्तम' हे ठरवतं कोण? कुणासाठी ठरवतं? आणि आपण ते मुकाट्यानं का घेतो?

यातला पहिला घोटाळा नावांचा. माझ्या नऊपैकी सात सीड्यांवर गायकाचं नाव मोठ्या अक्षरात, गाण्यांची यादी बारीक अक्षरात, आणि शब्द कुणाचे, चाल कुणाची, साथीला कोण, साल कुठलं, यातलं काहीच नाही. परिणाम काय झाला बघा. माझी आत्या मरेपर्यंत 'इंद्रायणी काठी' हा ज्ञानोबांचा अभंग समजत होती. आमच्या भजनी मंडळातले दोघं तो तुकोबांचा म्हणून हमरीतुमरीवर आले होते. ते गाणं आहे १९५३ च्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटातलं. शब्द गदिमांचे, चाल पु. ल. देशपांड्यांची. ज्या पुलंनी काही काळ आपल्या बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवलं, ते पुलं! बेळगावच्या माणसानं हे छाती फुगवून सांगायला हवं, आणि आपल्याला माहीतच नाही. तसंच 'तीर्थ विठ्ठल'. शब्द नामदेवांचे, चाल राम फाटकांची. 'राजस सुकुमार' तुकोबांचं, चाल श्रीनिवास खळ्यांची. सात-सात वेळा एक गाणं विकत घेतलं, पण राम फाटक हे नाव आमच्या घरात एकदाही उच्चारलं गेलं नव्हतं. ज्या माणसानं चाल दिली त्याला आपण आपल्या घरात बेवारस करून ठेवलं.

हे मला कळलं कधी? पुरात.

ऑगस्ट २०१९. दूधगंगेचं पाणी चढत चढत आलं ते तुम्हाला आठवत असेलच. आमचं घर नदीकडच्या उताराला. आईला आधीच वरच्या गल्लीतल्या चुलतभावाकडं हलवलं होतं म्हणून निभावलं. पाणी ओसरल्यावर मी आलो तर घरात घोटाभर गाळ आणि टीव्हीखालच्या कपाटाचा लगदा. सीड्यांच्या डब्या फोडल्या. आतले कागद हाताला लागताच विरघळले. विठोबा गेला, तानपुरा गेला, 'अविस्मरणीय' गेलं.

पण सीडी चिखलानं मरत नाही. प्लास्टिकची चकती ती. साध्या पाण्यात बुडवायची, गाळ सुटू द्यायचा आणि मऊ सुती फडक्यानं मधून कडेकडं सरळ पुसायची. गोल गोल पुसायची नाही, चरे पडतात. तशा नऊच्या नऊ धुऊन मी चुलतभावाच्या गच्चीवर उलट्या ठेवल्या. हळहळत होतो कागदांसाठी. मग डोक्यात आलं, त्या कागदांवर होतं तरी काय? एकही नाव नव्हतं. पुरानं आपलं असं काहीच नेलं नाही.

आई शेजारी पोत्यावर बसली होती. तेव्हा ८२ वर्षांची. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "एवढ्या धुतल्यास, पण यातल्या कुठल्या तबकडीवर ती लक्ष्मी हाय रे?"

"कसली लक्ष्मी?"

"भाग्यदा लक्ष्मी. भीमसेनांचीच की."

मी म्हणालो, "आई, ते कन्नड आहे. यात नाही."

"व्हय, ठाऊक हाय मला," म्हणाली आणि पदरानं एक चकती पुसायला घेतली. गोल गोल.

आता इथं थोडं घरचं सांगावं लागेल. आईचं माहेर गोकाकजवळचं एक खेडं. लग्न १९५७ च्या उन्हाळ्यातलं. म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं बदलली त्यानंतर अवघ्या सहा-सात महिन्यांनी. गंमत बघा, त्याआधी गोकाक मुंबई राज्यात होतं आणि सदलगाही मुंबई राज्यात. नंतर दोन्ही म्हैसूर राज्यात. जिल्हा आधीही बेळगाव, नंतरही बेळगाव. सरकारी नकाशावर आईच्या माहेर-सासरमधून सीमा कधीच गेली नाही. ती गेली आमच्या स्वयंपाकघरातून.

आमचे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, सीमालढ्यात तुरुंगात जाऊन आलेले. माणूस सोन्यासारखा. सुनेला कधी वाकडं बोलले नाहीत. माहेरहून करदंट आलं की पहिला तुकडा आबांचा. पण नियम एकच, "या घरात मराठीच." आईनं तो नियम साठ वर्षं पाळला. तिचं मराठी तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं आहे. हरिपाठ तोंडपाठ. फक्त शुक्रवारी दिवेलागणीला, ताक घुसळताना, ती काहीतरी गुणगुणायची. आबांच्या वहाणा उंबऱ्याशी वाजल्या की गुणगुणणं थांबायचं आणि मराठी आरती सुरू व्हायची. आम्हा भावंडांना हे दिसत होतं. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

त्या दिवशी गच्चीवर तिनं सांगितलं की १९८३-८४ च्या सुमाराला माहेरी गेली असताना तिनं रेडिओवर 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा' ऐकलं होतं. पुरंदरदासांचं पद, 'नोडी स्वामी नाविरोदु हीगे' या १९८३ च्या कन्नड चित्रपटात भीमसेनांनी गायलेलं. ती म्हणाली, "मला वाटलं, हे आपल्या अभंगवाले न्हवं? हे आमचं बी गातात व्हय?" आणि मग म्हणाली, "तू दरवर्षी आणायचास. मला वाटायचं, औंदा तरी असंल."

मी विचारलं, "मग मागितली का नाहीस?"

"मागून कुणाला अडचणीत टाकायचं?"

मंडळी, हे ऐकून मला जे आठवलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. कारण ते सांगितलं नाही तर बाकी सगळं लिहिणं फुकट आहे.

२००४ साल. त्या वर्षी महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाचा दावा दाखल केला होता. दिवाळीला गावी येताना काही कामासाठी बेळगावात उतरलो आणि एका दुकानात शिरलो. दुकानात डावी भिंत मराठी, उजवी भिंत कन्नड. दोन्ही भिंतींवर भीमसेन. डावीकडं अभंगवाणी, उजवीकडं दासवाणी. माणूस तोच, शाल तीच, फक्त अक्षरांचं वळण वेगळं. दुकानदार चांगला होता बिचारा. म्हणाला, "सर, यांची दासवाणी पण आहे, देऊ का? फार सुंदर आहे." आणि मी काय म्हणालो?

"नको. आमच्या घरी मराठीच चालतं."

आबांना जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. मला कुणी अडवलं नव्हतं. शंभर-दीडशे रुपयांचा प्रश्नही नव्हता. माझा हात उजव्या भिंतीकडं गेला नाही, एवढंच. आणि मी डाव्या भिंतीवरून पाचव्यांदा 'तीर्थ विठ्ठल' उचलून आणलं.

तर मंडळी, 'सर्वोत्तम' कोण ठरवतं, याचं उत्तर असं आहे. बाजार ठरवतो, आणि बाजार भिंतीप्रमाणं ठरवतो. मराठी भिंतीसाठी एक सर्वोत्तम, कन्नड भिंतीसाठी दुसरं. जी घरं दोन्ही भिंतींच्या मधे उभी आहेत, म्हणजे सदलगा, बोरगाव, निपाणी, चिकोडीकडची आपली हजारो घरं, त्यांच्यासाठी कुणी संकलन काढत नाही. पण बाजारानं भिंती बांधल्या असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. दुकानात दोन्ही भिंती दहा पावलांच्या अंतरावर होत्या. दहा पावलं न चालणारा मी होतो.

आणि ज्यांच्या नावानं आपण हे करतो, त्यांना हे कितपत मानवलं असतं? ज्ञानोबांनी स्वतः विठ्ठलाला कानडा म्हणून, कर्नाटकचा म्हणून आळवलं आहे. हे आपण सगळे मान डोलावून ऐकतो. पुरंदरदासांच्या पदांची मुद्रा काय? 'पुरंदर विठ्ठल'. म्हणजे उजव्या भिंतीवरही तोच कमरेवर हात ठेवून उभा आहे. महाराष्ट्राला अभंगाचं वेड लावणाऱ्या भीमसेनांची मायबोली कन्नड. त्यांचे गुरू सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, आणि त्यांना नाव मिळालं ते मराठी संगीत रंगभूमीवर. आमच्या सदलग्याचेच आचार्य विद्यासागर घ्या. १९४६ साली इथं कन्नड घरात जन्मले आणि 'मूकमाटी' हे महाकाव्य लिहिलं हिंदीत. या माणसांनी भाषा ओलांडताना कुणाची परवानगी मागितली नाही. परवाने आणि पहारे आपण बसवले, आणि तेही कुठं, तर स्वतःच्या स्वयंपाकघरात.

आता येणार तो आक्षेप मला माहीत आहे. माझे काही मित्र म्हणतील, "वा! इथं पाट्या कन्नडमध्ये, सातबारा-उतारे कन्नडमध्ये, मराठी शाळेला शिक्षक मिळत नाही, १ नोव्हेंबरला काळा दिन पाळणारी पोरं लाठ्या खातात, आणि तुम्ही म्हणताय घरात कन्नड गाणी लावा?"

हा आक्षेप मी हलका समजत नाही. मी त्या काळ्या दिनाच्या फेरीत चाललो आहे. मराठीत कागद मागणं हा आपला हक्क आहे आणि तो सोडायचा नाही. अल्पसंख्य भाषेतल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय व्हावी म्हणून राज्यघटनेत ३५० अ कलम आहे. ते कलम आपण भाषणात दर वेळी सांगतो. मातृभाषा हा त्यातला शब्द. मग मला सांगा, माझ्या आईची मातृभाषा कुठली? ज्या तत्त्वावर आपण सरकारशी भांडतो, तेच तत्त्व तिनं आमच्या घराला लावलं असतं तर आम्ही काय उत्तर दिलं असतं? सक्तीचं कन्नड नको म्हणणाऱ्या घरात साठ वर्षं एका बाईवर सक्तीचं मराठी होतं. गोड बोलून होतं, मायेनं होतं, पण होतं. आणि ती एकटी नाही. आपल्यापैकी किती जणांच्या आईचं, आजीचं, बायकोचं माहेर घटप्रभेकडचं, हुक्केरीकडचं, बैलहोंगलकडचं आहे, जरा मोजा. सीमाभागात सोयरीक कधी सीमा बघून झालेली नाही.

दावा सुप्रीम कोर्टात आहे, तो चालू द्या. गावं कुणाची, याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. भीमसेनांवर मात्र कुणी दावा लावलेला नव्हता. त्यांची वाटणी आपणच घरबसल्या करून मोकळे झालो.

दुसरा आक्षेप माझ्या भाच्याचा. "मामा, सीडी कोण ऐकतं आता? फोनवर सगळं आहे." आहे बाबा, सगळं आहे. पण तूच नाव टाक आणि बघ वर काय येतं. तेच 'सर्वोत्तम', तीच दहा गाणी, आणि तू मराठी ऐकतोस हे एकदा फोनला कळलं की तो तुला दुसरी भिंत दाखवायचंही बंद करतो. दुकानात निदान एक माणूस होता, "सर, ही पण देऊ का" असं विचारणारा. आणि आजीला फोनवर गाणं शोधता येत नाही. तिला बटण दाबता येतं. चकती घालून बटण दाबलं की गाणं लागलं पाहिजे, एवढंच तिचं मागणं आहे.

मग मी काय केलं ते सांगतो. शहाणपण शिकवायला नाही, जमलं तर तुम्हीही करा म्हणून.

बेळगावच्या त्या दुकानात गेलो तर तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मग गोकाकच्या मामेभावाला फोन लावला. वीस वर्षांत लग्नाकार्याशिवाय बोलणं नव्हतं. तो म्हणाला, दासवाणीची सीडी आहे माझ्याकडं, ये घेऊन जा. गेलो. त्याच्या कपाटात भीमसेनांच्या पाच सीड्या. सगळ्या कन्नड. 'भाग्यदा लक्ष्मी' पाचांपैकी चारांवर. अभंगवाणी एकही नाही. मी विचारलं, का रे? तो हसला, म्हणाला, "नम्म मनेलि कन्नडच." आमच्या घरी कन्नडच! म्हणजे त्याच्याकडंही अर्धेच भीमसेन. उरलेले अर्धे माझ्याकडं, चिखलातून धुतलेले. एका माणसाचे दोन तुकडे करून आत्या-भाच्यांनी दोन गावांत ठेवले होते.

त्याच्या मुलानं संगणकावर दोन्हीकडची गाणी एकत्र केली. सीडीवर ७४ ते ८० मिनिटं बसतात, हे लक्षात ठेवा. कंपनीच्या बऱ्याच सीड्या पाऊण तासात संपतात, आपण पूर्ण भरावी. क्रम आईला विचारून लावला. पहिली 'भाग्यदा लक्ष्मी'. तिच्यामागं 'तीर्थ विठ्ठल'. मग एक दासपद, एक अभंग, असं आलटून पालटून. शेवटी मला फार आवडणारं 'इंद्रायणी काठी' घालत होतो तर म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. लई ऐकवलंयस." काढलं. संकलन तिचं आहे, माझं नाही. १४ गाणी, ७२ मिनिटं.

कागद मात्र मी केला. हातानं लिहिला, आणि झेरॉक्सच्या दुकानातून प्लास्टिकमध्ये घालून आणला, पुढच्या पुराची तयारी म्हणून. प्रत्येक गाण्यापुढं शब्द कुणाचे, चाल कुणाची आणि कुठल्या चित्रपटातलं किंवा कुठल्या ध्वनिमुद्रिकेतलं. जिथं कळलं नाही तिथं जागा मोकळी ठेवलीय, कळेल तसं भरायची. डाव्या बाजूला देवनागरी, उजव्या बाजूला मामेभावाच्या हातचं कन्नड. दोन प्रती काढल्या, एक सदलग्यात, एक गोकाकात.

तेव्हा मंडळी, माझं म्हणणं एवढंच. या रविवारी कपाट उघडा. भीमसेनांच्या नाहीतर कुमारांच्या, ज्यांच्या असतील त्यांच्या सीड्या काढा आणि मोजा. एकच गाणं किती वेळा विकत घेतलंय ते बघा. ती भंगारवाल्याला देऊ नका, चकती धुतली की चालते. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, "तुला यातलं कुठलं हवं होतं, जे आम्ही कधी आणलंच नाही?" उत्तर पटकन येणार नाही. साठ वर्षांची सवय आहे "बरं केलंस" म्हणायची. थोडा वेळ बसा. आणि ती जे सांगेल ते कुठल्याही भाषेतलं असो, तोंड वाकडं न करता शोधून आणा. पाहुणे आले असताना लावा. आजोबांच्या फोटोखाली लावा. आबा आज असते तर रागावले असते का? पहिल्या दिवशी नक्की. दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी विचारलं असतं, "ते लक्ष्मीचं संपलं का लावून?" कारण आबा मराठीचे होते तितकेच भीमसेनांचेही होते.

आई आता ८७ ची आहे. ऐकू कमी येतं, आवाज मोठा ठेवावा लागतो, शेजारच्यांनाही फुकटात दासवाणी. दर शुक्रवारी दिवेलागणीला मी गावात असलो तर तिच्याजवळ तो कागद घेऊन बसतो. देवनागरीत लिहिलेलं कन्नड वाचत तिच्या मागून म्हणतो. ती मधेच थांबवते, "तसं न्हवं, जीभ वळव." मी चौसष्ट वर्षांचा झालो आणि आईच्या भाषेतलं पहिलं गाणं पाठ करतोय. दोन कडवी झाली. तिसऱ्याला अजून अडखळतो.